माहेरच्या वाडीतून समुद्रावर जाणारी वाट बंद करायची का?

यावेळचं पत्र नागपूरच्या मनीषनगरातल्या एका ताईंचं आहे. पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देतो:

"माझं माहेर वेंगुर्ला तालुक्यातलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, आता ३४ गुंठ्यांची नारळाची वाडी माझ्या आणि पुण्याच्या भावाच्या नावावर आली. वाडीच्या एका टोकाला घर आहे, तिथं काकी एकटी राहते, दुसऱ्या टोकाला समुद्र आणि मधून पायवाट. पूर्वी त्या वाटेनं गावातलेच लोक जायचे, मागच्या दोन वर्षांत कोणीतरी फोनच्या मॅपवर ती वाट टाकली आणि आता सुट्टीत रीघ लागते. दिवाळीत मी तिथं होते, एका दिवसात अकरा गाड्या मोजल्या, एक तर एमएच ३१, म्हणजे आपल्या नागपूरचीच होती. त्यातल्या लोकांनी काकीलाच विचारलं तुम्ही कोण म्हणून. शहाळी पाडली, बाटल्या टाकल्या, एका लहान मुलीचा पाय जुन्या विहिरीच्या काठावरून सटकला, थोडक्यात वाचली. भाऊ म्हणतो चिऱ्याची भिंत घालून गेटला कुलूप लावू, त्यानं कोटेशनपण आणलं. माझं मन होत नाही कारण रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारी माणसं पण तिथूनच जातात. भाऊ म्हणतो आज वाट दिली तर उद्या जमीन जाईल, आणि कोणी पडलं बुडलं तर केस आपल्यावर येईल. बंद करायचं नसेल तर निदान गाडीमागे पन्नास रुपये घेऊ म्हणतो. मी काय करू?"

ताई, ती एमएच ३१ वाचून मला खरंच वाईट वाटलं. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडची माणसं ७०१ किलोमीटर एका दमात उतरतात आणि तिथून खाली कोकणात, माझ्याच गल्लीतली चार घरं या दिवाळीत जाऊन आली. आणि नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे काय वाटते ते मी समजू शकतो. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, हर्णैच्या बाजूला गेलो होतो बायकोला घेऊन. आपल्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसते, इथं पलीकडे काहीच नव्हतं, चपला हातात घेऊन मी किती वेळ तसाच उभा होतो कोणास ठाऊक. तर तो समुद्र आम्हाला एका म्हाताऱ्या बाबांच्या वाडीतून दिसला. आडव्या बांबूंचं बेडं होतं, ते दोन बांबू सरकवून आम्ही आत गेलो, बाबा माडाखाली झावळ्या विणत बसले होते, त्यांनी वर न बघताच सांगितलं, जावा, पण बेडं लावून घ्या, गुरं शिरतात. बस एवढंच. ना नाव विचारलं ना गाव.

म्हणून मी तुम्हाला अगदी तटस्थ माणूस म्हणून उत्तर देऊन राहिलो असं समजू नका. मी त्या वाटेनं गेलेला माणूस आहे, आणि नंतर २९ वर्षं भूकरमापक म्हणून लोकांच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची भांडणं मोजलेला माणूस आहे, दोन्ही मिळून सांगतो.

भिंत घालू नका. पण वाट आत्ता आहे तशी मोकाटपण ठेवू नका. तुमच्या वाडीतून दोन प्रकारची माणसं जातात आणि तुम्ही दोघं भाऊबहीण त्यांना एकच समजून राहिले, सगळा घोळ तिथं आहे. रापणीवाले, गावकरी, शेजारच्या वाडीवाले हे बहुतेक हक्कानं जातात. पर्यटक तुमच्या मर्जीनं जातात. पहिल्याला अडवता येत नाही, दुसऱ्याला नियम लावता येतात.

आता हे पटवून देतो, थोडं लांबेल.

आधी जमीन कुठं संपते ते बघा. भरतीचं पाणी जिथवर चढते त्याच्या खालची जागा कोणाच्याच सातबाऱ्याची नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० मध्ये समुद्राचा तळ भरतीरेषेच्या खाली सरकारचा असं स्पष्ट लिहून आहे. म्हणजे वाळूवर बसलेल्या माणसाला "आमच्या बीचवरून उठा" हे तुमचा भाऊ म्हणू शकत नाही. त्याच्या वर तो कोरड्या वाळूचा पट्टा असते, जिथं मर्यादवेल पसरलेली असते. तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल ती, जांभळी घंटेसारखी फुलं, पान मधोमध चिरलेलं, अगदी आपट्याच्या पानासारखं. मला ते नाव फार आवडते, समुद्राची मर्यादा सांगणारी वेल. कायद्याची भरतीरेषा त्या वेलीवरून ठरत नाही, ती किनारा व्यवस्थापनाच्या सरकारी नकाशावर आखलेली असते, पण डोळ्यांना पहिला अंदाज वेलच देते. तो पट्टा काही गावात सरकारी आहे, काही गावात लोकांच्या सातबाऱ्यात आहे. तुमचा कुठं आहे हे काकींना विचारून कळणार नाही, मोजूनच कळेल.

आणि भिंतीचं म्हणाल तर फक्त लोकांना काय वाटेल एवढाच प्रश्न नाही. किनाऱ्यापासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवा असं इंदिरा गांधींनी १९८१ मध्येच किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं, त्यातून १९९१ ची सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला नियम लावणारी अधिसूचना आली, मग २०११ ची, मग २०१९ ची. २०१९ मध्ये ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले, जिथं लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर तिथं भरतीरेषेपासून ५० मीटर आणि बाकी ठिकाणी २०० मीटर बांधकामबंदी. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता २०११ च्या जनगणनेत १६३ होती, तर तुमचं गाव दाट वस्तीच्या भागात बसेल असं मला वाटत नाही. म्हणजे तुमच्या वाडीचा समुद्राकडचा बराचसा भाग त्या २०० मीटरमध्ये. नारळ लावा, बाग करा, जुनं अधिकृत घर दुरुस्त करा, ते चालते. चिऱ्याची नवीन पक्की भिंत म्हणजे परवानगीचा प्रश्न उभा राहिलाच. अहो, त्याच नियमांमध्ये रिसॉर्टवाल्यांनासुद्धा सांगितलं आहे की काटेरी तार लावा, हिरवं कुंपण करा, पण लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडता कामा नये. एवढ्या मोठ्या हॉटेलांना जे चालत नाही ते ३४ गुंठ्यांत करायला जाऊ नका.

हॉटेलवरून आठवलं, गोव्यात दोना पावलाजवळ वाईंगिणी बीच आहे, तिथं एका मोठ्या हॉटेलच्या बांधकामानं लोकांची बीचवर जायची वाट अडत होती. लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं चालली ती केस, शेवटी सुप्रीम कोर्टानं २००९ च्या जानेवारीत लोकांच्या बाजूनं निकाल दिला आणि वाटेच्या आड येणारं बांधकाम काढायचा आदेश दिला. त्यात कोर्टानं सांगितलं की समुद्रकिनारा, नद्या, जंगल ह्या गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीनं ठेव म्हणून असतात. तुमची केस तशीच्या तशी नाही, तिथं जमीन मिळतानाच वाट मोकळी ठेवायची अट होती. पण कोर्टाचा कल कुठं असते ते भावाला दाखवायला एवढं पुरे.

आता वाटेवर येतो.

आपल्या विदर्भाच्या माणसाला हे समजायला सोपं जायला पाहिजे खरं तर. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडं मालगुजारी तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी गेली, त्याच्या आधी तलाव मालगुजाराचा असायचा, पण त्याच्यावर निस्तार, म्हणजे वापराचा हक्क गावाचा. ढोरं पाणी पिणार, बायका धुणं धुणार, ढिवर मासे धरणार, पाळीवरून लोक येणार जाणार, आणि ह्या सगळ्याची नोंद निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावाच्या हक्कांच्या आणि रिवाजांच्या सरकारी कागदात असायची. नोकरीत असताना मी ते जुने कागद हाताळले आहेत, कडा पार भुरभुरीत झालेल्या, पण त्यात मालकाच्या जमिनीतून जाणाऱ्या वाटा बरोबर लिहिलेल्या. मालकी एकाची आणि वापर अनेकांचा, यात आमच्या आजोबांना काही विचित्र वाटत नव्हतं. कोकणात निस्तार हा शब्द नाही, तिथं वहिवाट म्हणतात, पण गोष्ट तीच.

तर वहिवाट आहे का नाही हे कसं ओळखायचं? कागद नंतर बघू, पहिले काकींना तीन प्रश्न विचारा. नारळी पौर्णिमेला गावाचा नारळ समुद्रावर कोणत्या वाटेनं जातो? गणपती कोणत्या वाटेनं जातात? रापण ओढायला माणसं पहाटे उतरतात ती कुठून? जर तिन्हीचं उत्तर "आपल्याच वाडीतून" असेल तर ताई, ती वाट बंद करायचा विचार आजच सोडा. ती तुमच्या आईनं दिलेली सवलत नाही, ती तुमच्या आईच्या आधीपासूनची आहे. रापण म्हणजे एवढं मोठं जाळं, दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं, तिला तीस चाळीस माणसं लागतात, ती माणसं ओलं जाळं खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर वळसा मारून नाही येऊ शकत.

कायद्यात बघाल तर ईझमेंटचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वाटेसारख्या हक्कांचा कायदा १८८२ चा आहे. तो सुरुवातीला ज्या भागांना लागू झाला त्यात आपला मध्य प्रांत होता, मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागला, हे नागपूरकर म्हणून मला सांगावंसं वाटते. त्यात असं आहे की शेजारच्या जमिनीचा मालक तुमच्या जमिनीतून उघडपणे, शांततेनं, खंड न पाडता आणि हक्क म्हणून २० वर्षं जात असेल तर त्याला वाटेचा हक्क मिळते. "हक्क म्हणून" हे शब्द लक्षात ठेवा, सगळं त्यावर टेकलं आहे. तुमच्या परवानगीनं जो जाते त्याला कितीही वर्षं झाली तरी हा हक्क मिळत नाही. आणि हा हक्क जमिनीला चिकटलेला असते, म्हणजे पुण्याहून, नागपूरहून गाडी घेऊन आलेल्या माणसाची तिथं जमीनच नाही तर त्याला हा हक्क यायचा कुठून. गावाची रूढी असते ती वेगळी, रापणीवाल्यांचं जाणं त्यात येते, आणि रूढीनं आलेले हक्क हा कायदा मोडत नाही. त्यांना अडवलं तर ते तहसीलदाराकडे जातील, शेजारच्या जमीनवाल्यांना हद्दीवरच्या वाटेसाठी महसूल संहितेचं कलम १४३ आहे, मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा आहे ज्यात अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येते, आणि मग तुम्ही मनीषनगरातून दर तारखेला वेंगुर्ल्याला जाल का?

भावाची भीती जमीन जायची आहे. त्याला सांगा, चालल्यानं जमीन जात नाही. जमीन जाते ती ताब्यानं, कोणीतरी १२ वर्षं तुमच्या जमिनीवर स्वतःची म्हणून ठाण मांडून बसलं तर. म्हणून वाटेवरच्या माणसांपेक्षा वाटेच्या कडेला कोणी शहाळ्याची टपरी लावली, वॉटर स्पोर्ट्सचं टेबल मांडलं, ताडपत्री टाकून होड्यांचं सामान ठेवलं, तर ते पहिल्या आठवड्यातच हलवायला सांगा. लेखी सांगा. ह्या एका गोष्टीत मी अजिबात मऊ नाही.

इथं माझ्या वडिलांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचं वावर कळमेश्वर तालुक्यात. धुऱ्यावरून एक पायवाट नाल्यावर जायची, गावातल्या बायका धुणं घेऊन तिथून जायच्या. एका वर्षी कोणीतरी संत्र्याची दोन झाडं ओरबाडली, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि बाबांनी रागाच्या भरात बोराट्या टाकून वाट बंद केली. पंधरा दिवसांत बोराट्या नाल्यात. पुन्हा टाकल्या, पुन्हा नाल्यात. प्रकरण तहसीलला गेलं, गावनकाशा काढला तर तिथं ती वाट तुटक रेघेनं दाखवलेली, विषय संपला. बाबा हरले त्याचं मला काही नाही. पण त्याच वर्षी आजी गेली, आणि तेरवीला पंगत वाढायला नेहमी जी घरं येतात त्यातल्या सात घरांतलं कोणी आलं नाही. आम्ही भावंडंच वाढत होतो, वरण थंड झालं होतं, बाबा ओसरीत खाली मान घालून बसले होते, ते मला आजही दिसते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच त्या तोंडाशी दोन दगड रोवले, मधली फट अशी की माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन निघेल आणि ढोर निघणार नाही. ते दगड अजून आहेत.

तुमची काकी तिथं एकटी राहते ताई. रात्री अपरात्री तिला बरं वाटलं नाही तर पहिले धावून येणारी ती रापणीचीच माणसं असतील. भिंतीच्या कोटेशनमध्ये हे धरलेलं नसते.

तर करायचं काय. वाटेसाठी सगळ्यात आधी मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायमची मोजणी टाका, अर्ज ऑनलाइन होते, आणि अर्जातच लिहा की जागेवर असलेली पायवाट आणि तिची वहिवाट नकाशात दाखवा. त्याच्यासोबत गावनकाशाची नक्कल काढा. त्यात पायमार्ग तुटक एका रेघेनं आणि गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेनं असते. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना वाचा, नुसतं नाव बघून कागद बाजूला ठेवतात लोक, त्या रकान्यात कधी कधी वाटेची नोंद सापडते. जुने फेरफारपण काढून घ्या, आईच्या आधीचे.

वाट वहिवाटीची निघाली तर तिला हात लावू नका, उलट दोन्ही बाजूंनी थोडी साफ करून द्या. आणि त्या वाटेवर "मालकांच्या परवानगीने" असा बोर्ड लावायचा मोह होईल, वकीलही सुचवतील, तो लावू नका. ज्यांचा हक्क आहे त्यांना परवानगी देतो म्हणणं खोटं आहे, आणि गावात ते खोटं लगेच कळते.

पर्यटकांसाठी वेगळी वाट काढा. ३४ गुंठ्यांत कडेकडेनं गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या बाजूनं चार पाच फुटांची पायवाट सहज निघते, घरापासून आणि विहिरीपासून लांब. तिच्या तोंडाला बेडं किंवा असे दोन दगड, गाडी जाणार नाही असं. आणि तिथं बोर्ड लावा, मोठ्या अक्षरात, मजकूर असा ठेवा: "ही खासगी वाडी आहे. समुद्रावर जाण्यासाठी ही पायवाट मालकांनी स्वखुशीने, तात्पुरती खुली ठेवली आहे. सूर्योदय ते सूर्यास्त. गाडी आणू नये. नारळ पाडू नये. कचरा परत न्यावा. पोहायला जाण्याआधी गावकऱ्यांना विचारावं." बोर्डाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा, आणि ग्रामपंचायतीला एक साधं पत्र देऊन पोच घ्या. वर्षातून एखादा दिवस ती वाट बंदपण ठेवा, म्हणजे ती मर्जीची आहे हे कागदावर न लिहिता दिसते. सूर्यास्ताची अट मी काकींच्या झोपेसाठी तर घातलीच, पण तुमच्या त्या किनाऱ्यावर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेंगुर्ल्याच्या वायंगणीत तर लोक त्यांची घरटी जपतात. रात्री टॉर्च घेऊन फिरणारे लोक आणि वाळूवर चढवलेल्या गाड्या, दोन्हीनं त्यांचा घात होतो.

ग्रामपंचायत म्हणेल आम्ही इथं पेव्हर ब्लॉक टाकून देतो, निधी आला आहे. हात जोडून नाही म्हणा. तुम्ही दिलेली परवानगी कधीही मागे घेता येते, पण त्या परवानगीच्या भरवशावर समोरच्यानं पैसे घालून पक्कं काम केलं की मग ती मागे घेता येत नाही, ईझमेंटच्याच कायद्यात कलम ६० मध्ये आहे हे. हे फार लोकांना माहीत नसते आणि मग रडत येतात. वाट मातीचीच राहू द्या, पावसाळ्यात थोडा चिऱ्याचा चुरा टाका.

अपघाताचं. समुद्रात कोणी बुडालं तर समुद्र तुमचा नाही, नुसतं तुमच्या वाडीतून गेला म्हणून ते तुमच्यावर येत नाही. विहिरीचं मात्र तसं नाही. ती तुमची आहे, धोकादायक आहे हे तुम्हाला माहीत आहे, तिथं एक मुलगी घसरली हे तुम्ही स्वतः लिहून पाठवलं आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत असे कायदे आहेत की जो जमीनमालक फुकटात लोकांना फिरायला येऊ देतो त्याची जबाबदारी कमी धरली जाते, इंग्लंडमध्येही २००९ च्या कायद्यानं किनाऱ्याची पायवाट आखताना जमीनमालकाची जबाबदारी हलकी केली आहे. आपल्याकडे असं खास कवच नाही, आपल्याकडे साधा निष्काळजीपणाचा नियम लागते. म्हणून भिंतीचे पैसे आहेत ना, त्यातले थोडे काढून ह्याच महिन्यात विहिरीला कंबरेएवढा कठडा आणि वर लोखंडी जाळी करून घ्या. जुन्या विहिरीची दुरुस्ती आहे, पण तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला सांगून करा. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका. मोजणी नंतर, विहीर आधी. त्या मुलीचा विचार माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिला.

पन्नास रुपयांचं मला पटत नाही. पैसे घेतले की तो माणूस पाहुणा राहत नाही, गिऱ्हाईक होतो, मग गाडीवर नारळ पडला तरी तो तुम्हालाच धरणार, आणि त्याचं चूक नसेल. शेतजमिनीवर पार्किंगचा धंदा म्हणजे बिगरशेतीचा प्रश्न येईल तो वेगळाच. त्यापेक्षा गावच्या रस्त्याला लागून ग्रामपंचायतीची किंवा देवस्थानाची मोकळी जागा असेल तर ग्रामसभेत विषय मांडा, तिथं गाड्या थांबू द्या, पैसे ग्रामपंचायतीनं घ्यावे आणि त्यातून कचरा उचलणारी एक बाई आणि एक संडास. काकी बोलणार नाही ग्रामसभेत, तुम्हालाच एकदा जावं लागेल. मे महिन्यात जाताच ना, तेव्हा.

भावाशी भांडू नका. तो चूक आहे असं मला वाटत नाही, तो लांब आहे आणि त्याला तिथून फक्त बाटल्या आणि गाड्या दिसतात. त्याला माझ्या वडिलांची गोष्ट वाचायला द्या, आणि सीआरझेडचा तो २०० मीटरचा नियम एखाद्या तिथल्या वकिलाकडून तुमच्या सर्व्हे नंबरापुरता तपासून घ्यायला सांगा, म्हणजे त्याच्याही हातात काम राहील. सातबारा दोघांच्या नावानं आहे, बोर्डावर आणि ग्रामपंचायतीच्या पत्रावर दोघांच्या सह्या लागतील. एकट्यानं काही करू नका.

मोजणीची तारीख पावसाच्या आधीची मिळते का बघा, कोकणात जूननंतर कोणी साखळी टाकत नाही. त्या दिवशी काकींना आणि रापणीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाडीत बोलवा, त्याला नेहमी जातो तसं समुद्रापर्यंत चालायला सांगा आणि भूकरमापकाला त्याच्या मागून जायला सांगा. नकाशाची क प्रत हातात आली की तिचा फोटो मला पाठवा, तुटक रेघ कुठून गेली ते बघून पुढचं सांगतो.